साफ फोटो

ऊस निघाला की मला खोकला ऐकू येतो. खरंच ऐकू येतो. दिवाळी उरकते, शेतांच्या कडेनं तोडणीवाल्यांच्या कोप्या पडतात, अंबडच्या रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून धावायला लागतात, आणि अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या बऱ्याच अलीकडून मळीचा तो आंबूस वास नाकात घुसतो. लोकांना त्या वासानं हंगाम सुरू झाल्याचा आनंद होतो. मला अक्काचा खोकला ऐकू येतो. कोरडा, दोन ठसक्यांचा, आणि त्याच्या मागोमाग तिचं ठरलेलं वाक्य, "काही न्हाई रे, धूळ गेली."

धूळ गेली नव्हती. तिच्या उजव्या फुप्फुसात तुरीच्या दाण्याएवढी गाठ होती आणि ती मी पुसली. माझ्या हातानं, यंत्रासमोर बसून, चांगल्या मनानं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाला माझी कीव यायला नको. कीव मला सहन होत नाही. शिव्या चालतील.

शतक बदलून एक-दोन वर्षं झाली असतील. जालन्यात तेव्हा सीटी स्कॅनचं अप्रूप होतं. आमच्या एक्स-रे सेंटरच्या डॉक्टरसाहेबांनी परदेशातल्या कुठल्याशा दवाखान्यानं काढून टाकलेलं यंत्र विकत घेतलं. ते लाकडी पेट्यांतून आलं तेव्हा उतरवायला मोंढ्यातले हमाल बोलावले होते, आणि हमालांनी आधी पेटीला नारळ फोडायला लावला. यंत्र बसवायला पुण्याहून एक इंजिनिअर आला, आठ दिवस राहिला, आमच्याकडचं तिखट खाऊन रडला, आणि जाताना मला त्या यंत्राचं सगळं शिकवून गेला. शिकवायचं नसतं तेसुद्धा. मी बी.एस्सी. फिजिक्सचा, गणिताची खाज असलेला माणूस. मिळालं की खाजवायला.

सीटी म्हणजे काय, ते मी अक्काला सांगितलं होतं तसंच सांगतो. साध्या एक्स-रेत माणसाची एकाच बाजूनं सावली पडते, सगळं एकावर एक. सीटीचं यंत्र माणसाभोवती गोल फिरतं आणि चहूबाजूंनी शेकडो सावल्या घेतं. एकेकट्या सावलीला काही अर्थ नसतो. कॉम्प्युटर त्या सगळ्या सावल्या उलट्या जोडत नेतो आणि त्यातून शरीराचा आडवा काप उभा करतो, कलिंगड न कापता आतली चकती दिसावी तसा. अक्का म्हणाली, "म्हंजे न बघताच सांगायचं, आत काय असंल ते." मी म्हणालो, "अंदाजानं न्हाई अक्का, गणितानं." केवढा रुबाब होता त्या वाक्यात! आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आता त्या सावल्यांची गंमत अशी, की किरणं भरपूर सोडली तर त्या ठाम पडतात. किरणं कमी केली की डळमळतात, आणि तयार झालेल्या कापावर रवा सांडल्यासारखे पांढरे दाणे दिसतात. आमच्या यंत्राची ट्यूब म्हातारी होती. पूर्ण किरणं सोडली की तापायची आणि तासभर रुसून बसायची. वर लोडशेडिंग, जनरेटरची ठकठक, बाहेर बाकड्यावर पंधरा-वीस पेशंट. डॉक्टरसाहेब येता-जाता म्हणायचे, "दत्ता, ट्यूब जपून वापर." मी किरणं निम्म्यावर आणली, मग आणखी खाली. लोकांना सांगायचो, किरणं अंगाला चांगली नसतात, म्हणून कमी देतो. ते खोटं नव्हतं. पण ट्यूब नवी असती तर मला पेशंटच्या अंगाची एवढी काळजी वाटली असती का, हे विचारायचं धाडस मी तेव्हा स्वतःजवळ केलं नाही.

पण दाण्यांचं काय करायचं? आमच्याकडं रिपोर्ट कुणी वाचत नाही, फोटो बघतात. फिल्म हातात पडली की माणूस आधी दारात जाणार, ती सूर्याकडं धरणार, शेजारच्या चार जणांना बोलावणार, मग सगळे मिळून निदान करणार. एकदा घनसावंगीकडच्या एका गड्यानं फिल्म उन्हात धरली आणि ओरडलाच, "अगं, सगळ्या छातीला डाग पडले की!" बायको पायरीवर बसून छाती बडवून घ्यायला लागली. डाग म्हणजे टीबी, डाग म्हणजे मरण, हे गावोगाव ठाऊक. मी सांगतोय, अहो ते डाग नाहीत, किरणं कमी होती म्हणून दाणे आलेत. तो म्हणाला, "साहेब, मला अडाणी समजता व्हय? दिसून राह्यलंय की डोळ्याला!" डॉक्टरसाहेबांनी मला आत बोलावलं. "दत्ता, पब्लिकला साफ फोटो पाहिजे. काय करायचं ते कर."

केलं. दोन महिने घासलं. सेंटरच्या कॉम्प्युटरवर दुपारच्या मोकळ्या वेळात बसून मी एक प्रोग्राम लिहिला. नियम अगदी साधा. कापातल्या प्रत्येक ठिपक्यानं आपल्या शेजाऱ्यांकडं बघायचं. आजूबाजूचे सगळे काळे आणि हा एकटाच पांढरा असेल तर हा खोटा, याला पण काळा करून टाका. आमच्या गावात माणसांनाही हाच नियम लावतात, म्हणूनच मला तो एवढा पटकन सुचला असावा. पहिला काप पडद्यावर आला आणि मी खुर्चीतून उठलोच. दाणे गायब. फुप्फुसं कशी काळीभोर, मऊ, धुऊन वाळत घातल्यासारखी. डॉक्टरसाहेबांनी पाठ थोपटली आणि सगळ्या स्टाफला भजी मागवली.

एकट्या रशीदभाईंनी भजी खाता खाता तोंड वाकडं केलं. रशीदभाई म्हणजे आमचे फिल्म धुणारे. आयुष्य डार्करूममध्ये गेलेलं, बोटं औषधानं पिवळी पडलेली, आणि जिभेला हाड नाही. ओली फिल्म दिव्यासमोर धरून म्हणाले, "दत्ताभाई, ये फोटो है के शादी का कार्ड? आदमी का बदन है मियाँ, थोडा मैला तो रहताइच." मी हसण्यावारी नेलं. म्हातारा माणूस, नवं काही पटत नाही, असं म्हणालो. ते कशाला नादी लागतात? त्यांनी आपलं काम चालू ठेवलं. यंत्राकडून आलेल्या कच्च्या सावल्यांच्या डिस्क मी पुसून परत वापरायला मागायचो, तर ते बिस्किटाच्या डब्यात नंबर टाकून ठेवायचे आणि म्हणायचे, "असली माल है, रहने दो."

मग माझं नाव झालं. अंबड, परतूर, मंठा, सगळीकडचे डॉक्टर पेशंटला सांगायचे, त्या दत्ताच्या हातचा फोटो काढून आणा, एक नंबर येतो. ज्यांचा फोटो साफ निघायचा ते लोक घरून साखरेची पुडी घेऊन परत यायचे आणि बाकड्यावरच्या अनोळखी माणसांच्या हातावरसुद्धा चिमूट-चिमूट ठेवायचे. माझ्या हातावर मूठभर. त्या वर्षी मी इतकी साखर खाल्ली, की आता चहात घालतानाही हात थबकतो.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई शेतात, म्हणून मी तिच्या कडेवर वाढलो. तिची कंबर एका बाजूला कायमची झुकलेली होती आणि ती चारचौघांत त्याचं खापर माझ्यावर फोडायची, "ह्या ढोल्यानं वाकडी केली मला, तरी ह्याच्या दाजींनी पसंत केलं हे नशीब!" दाजी अंकुशनगरला कारखान्यात फिटर. अबोल माणूस. अक्काचं बोलणं दोघांना पुरून उरायचं. तिच्या हसण्याचा आवाज कॉलनीच्या चौथ्या घरात जायचा आणि तिथली बाई विचारायची, काय झालं गं? मग अक्का तिला तो विनोद इथूनच ओरडून सांगायची. तिला आयुष्यात कुणी हळू बोल म्हणून सांगितलं नाही. सांगून उपयोग पण नव्हता.

त्या हंगामात तिचा खोकला थांबेना. पाचट जळतंय, धूळ उडून राह्यली, सगळ्यांनाच खोकला होता, त्यामुळं कुणी मनावर घेतलं नाही. मी घेतलं. मीच तिला म्हणालो, जालन्याला ये, फोटो काढू. ती एसटीनं आली, पिशवीत पेरू घेऊन, आणि आल्या आल्या बाकड्यावरच्या पेशंटांना पेरू वाटून मोकळी झाली. यंत्राच्या पाटावर झोपवताना मी तिला सांगितलं, "अक्का, तुला किरणं सगळ्यात कमी देणार बघ."

"का रे? माझ्यावरच कंजूषी व्हय?" ती झोपल्या झोपल्या म्हणाली. "बाहेरच्यांना भरपूर अन् बहिणीला चिमूटभर!"

रशीदभाई दारातून हसले. मीही हसलो. किरणं सगळ्यात कमी ठेवली. साहजिकच दाणे सगळ्यात जास्त आले, काप नुसता रव्यानं भरून गेला. मग मी माझा प्रोग्राम चालवला. एकदा चालवून समाधान झालं नाही. घरच्या माणसाच्या पानात तुपाची धार जरा जास्तच पडते ना, तसं झालं. अक्काचा फोटो म्हणून मी तो प्रोग्राम दोनदा फिरवला.

दुसऱ्यांदा कशाला फिरवलास रे दत्ता? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल! बाकीच्यांना मी एकदाच फिरवायचो. तिच्या जागी कुणी परकी बाई असती तर कदाचित तो ठिपका पुसट का होईना उरला असता.

फिल्म वाचायला औरंगाबादहून तज्ज्ञ डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. त्यांच्यापुढं मी पुसून साफ केलेल्या फिल्म असायच्या. कच्चं काही त्यांनी कधी मागितलं नाही, मी कधी दाखवलं नाही. त्यांनी अक्काच्या रिपोर्टवर लिहिलं, काही दोष नाही. अक्कानं कॉलनीत साखर वाटली. फिल्म खिडकीच्या खिळ्याला टांगून ठेवली, आणि येईल त्याला दाखवायची, "माझ्या भावानं काढलाय. बघा कसा साफ." खोकल्याचं मग कुणी काढलंच नाही. एवढा साफ फोटो असताना खोकल्याला विचारतो कोण? तीच म्हणायची, धूळ गेली.

पुढच्या हंगामात तिचा खांदा धरला. मग थुंकीत रक्त आलं. या वेळी मी पूर्ण किरणं सोडली, ट्यूब गेली तर गेली, आणि प्रोग्रामला हात लावला नाही. दाणे होते, पण त्यांच्या मधोमध लिंबाएवढी गाठ होती. तिला शोधावं लागलं नाही. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, आधीचा स्कॅन आहे का? दाजींनी खिळ्यावरची फिल्म नेली होतीच. त्यांनी ती दिव्याच्या चौकटीवर लावली, जवळून पाहिली, लांबून पाहिली. "यात तर काहीच नाही. अगदी स्वच्छ आहे. फार भराभर वाढलेली दिसते." बाहेर आल्यावर दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी आपणहून बोलले. "दत्ता, तू तर तुझं काम बराबर केल्तंस. आता नशिबाला कोण काय करणार."

त्या माणसाचा तो हात मला अजून खांद्यावर जाणवतो. जड.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पेशंट जेवायच्या सुट्टीत पांगले तेव्हा, मी रशीदभाईंकडं गेल्या वर्षीची डिस्क मागितली. त्यांनी डबा उघडला, बरोबर नंबरची डिस्क काढून दिली. मी अक्काच्या त्या जुन्या कच्च्या सावल्यांपासून काप परत उभे केले. या वेळी काही न पुसता. दाणेच दाणे होते. मी एका कापावरून दुसऱ्यावर जात राहिलो. दाण्यांचं एक असतं, ते एका कापात दिसतात ते दुसऱ्यात नसतात. पण हा एक ठिपका लागोपाठ दोन कापांत त्याच जागी होता. एकटा. आजूबाजूला सगळे काळे. माझ्या नियमात अगदी चपखल बसणारा. मी फिल्म काढली. रशीदभाईंनी ती धुतली, दिव्यासमोर धरली, बराच वेळ पाहिली. मला वाटलं आता ते बोलतील. बोला ना, म्हणालो मनात, तुम्ही सांगितलं होतं, बोला! त्यांनी एवढंच विचारलं, "फेंकू?"

"फेका," मी म्हणालो.

तेव्हा कळलं असतं तर अक्का वाचली असती का? मी नंतर चार डॉक्टरांना गोल गोल फिरवून, नाव न घेता विचारलं. चौघेही म्हणाले, कदाचित. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं, हो म्हणाले असते तरी बरं झालं असतं.

परवा पेपरच्या पुरवणीत वाचलं, की परदेशात आता कमी किरणांत सुंदर चित्रं उभी करणारे नवे प्रोग्राम येताहेत. चांगली गोष्ट आहे. मी त्याच्या विरोधात नाही. लहान लेकरं, पोटुश्या बाया, पुन्हा पुन्हा स्कॅन लागणारे जीव, यांना कमी किरणं मिळालीच पाहिजेत. माझं मागणं एवढंच आहे, की चित्र साफ करताना आपण काय काय फेकलं, ते पण एका बाजूला ठेवावं आणि वाचणाऱ्यासमोर मांडावं. केर काढलेला उकिरड्यावर नेण्याआधी बायका एकदा चाळून बघतात, मणी-मंगळसूत्र तर गेलं नाही ना. आमची आई बघायची. मी तिचा बी.एस्सी. झालेला मुलगा, मी बघितलं नाही.

त्याच हंगामातली, माघाची उन्हं होती. अक्का अंगणात खाटेवर पडलेली. आवाज निम्मा झाला होता, चौथ्या घरापर्यंत आता जात नव्हता. मी तिच्या पायाशी बसलो होतो. तिनं सुनेला पाणी आणायला आत पाठवलं आणि माझ्याकडं पाहत म्हणाली, "दत्ता, त्या पहिल्या फोटूत काहीच नव्हतं ना रे?"

मी म्हणालो, "न्हाई अक्का. साफ होता."

"बरं," ती म्हणाली. मग विचारलं, पोराची शाळा कशी चाललीय.

मला वाटलं, मी तिला वाचवलं. मरणाऱ्या बाईला कशाला सांगायचं, की तुझ्या भावानं, तुझ्याच मायेपोटी? वर्षानुवर्षं मी तेवढ्या एका खोट्यावर पाय ठेवून उभा राहिलो. बाकी सगळं माझं चुकलं असेल, पण तिला शेवटी भावाबद्दल वाईट वाटू दिलं नाही, एवढं तरी बराबर केलं. कारखान्याचा हंगाम संपता संपता ती गेली.

मी सेंटरवर दाणेदार फोटो द्यायला लागलो. पेशंट भांडले, डॉक्टर भांडले, चार महिन्यांत मी बाहेर पडलो. आता एका हायस्कुलात प्रयोगशाळा सांभाळतो. मुलांना भिंगं आणि लोहचुंबकं काढून देतो. कुणाच्या छातीत बघावं लागत नाही.

या वर्षी ऊस निघाला आणि मला शहागडला जावं लागलं. हायवेवर गाडीचं चाक बसलं. पंक्चरच्या दुकानात शिरलो तर आत खुर्चीवर रशीदभाई. दुकान त्यांच्या मुलाचं. केस सगळे गेलेले, बोटं मात्र तशीच पिवळी. त्यांनी मला मिठी मारली, सोडेचनात. बाहेर उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. बोलता बोलता अक्काचं नाव निघालं. मी नेहमीचं बोललो, की शेवटपर्यंत तिला काही कळू दिलं नाही, तेवढंच समाधान.

रशीदभाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "दत्ताभाई," ते म्हणाले, "उसको मालूम था. वो आयी थी मेरे पास."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणताहेत. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. माघातच, दाजी तिला जालन्याला डॉक्टरांकडं घेऊन आले होते. दाजी औषधं आणायला गेले आणि ती भिंत धरत धरत एकटी डार्करूमच्या दारात आली. म्हणाली, "भाईजान, माझा भाऊ माझ्या डोळ्याला डोळा देत न्हाई. काय झालंय? तुम्हाला ठाऊक असंल." रशीदभाईंना खोटं बोलता आलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि कसम घातली, की दत्ताला हे कळू द्यायचं न्हाई.

तिनं मला विचारलं, ते त्यानंतर चार-पाच दिवसांनी. सगळं ठाऊक असताना विचारलं.

"मैं बोला, बहन, उस पे गुस्सा मत करो," रशीदभाई म्हणाले. "तो क्या बोली मालूम? बोली, गुस्सा कशाला करू भाईजान. त्यानं तोंडानं सांगितलं की मी म्हणणारंय, जाऊ दे दत्ता. पण त्यानं सांगितलं तर म्हणीन ना. न सांगता कसं म्हणू?"

त्यानंतर ती दोन महिने जगली. मी दर रविवारी जायचो. ती काहीतरी निमित्त काढून सगळ्यांना घराबाहेर पाठवायची आणि माझ्याकडं बघत पडून राहायची. आणि मी तिच्या खाटेशेजारी बसून, यंदा कारखाना कधीपर्यंत चालेल याबद्दल बोलत होतो.